बंगल्याचा पत्ता

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण खोल मायनसमध्ये गेलं. शहरातल्या वाचकाला हे मायनस प्रकरण समजायचं नाही, म्हणून आधी ते सांगतो. उजनीत सगळं मिळून ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं खालचं ६३ टीएमसीच्या वरचं पाणी मृतसाठा म्हणून धरतात. त्याच्यावरचं पाणी संपलं की धरण शून्यावर आलं म्हणायचं, आणि शून्याच्याही खाली गेलं की मायनस. धरण मायनसमध्ये गेलं की आमच्याकडं दोन गोष्टी होतात. काठावरच्या मोटारी पाण्याच्या मागं मागं पाइप वाढवत पळतात, आणि बुडालेली गावं वर येतात.

पळसदेवच्या पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं की पेपरात फोटो येतो, पुण्यापासनं गाड्यांची रीघ लागते. आमच्या जुन्या गावाचा फोटो कुठं येत नाही. आमच्याकडं तसलं देऊळ नव्हतं. आमचं गाव वर येतं म्हणजे नुसते दगड वर येतात. मारुतीचा चौथरा, घाटाच्या चार-सहा पायऱ्या, आडाचं तोंड, आणि बाकी भेगाळलेला गाळ नि शिंपले. ज्याचं घर तिथं होतं त्यालाच तिथं घर दिसतं.

तर त्या मे महिन्यात एका सकाळी आमच्या नव्या गावठाणात एक पांढरी गाडी आली. चाळीसच्या वर वर्षं झाली तरी आम्ही त्याला नवंच गावठाण म्हणतो. गाडीतून एक ताई उतरल्या, त्यांचे धाकटे भाऊ आणि भावाचा मुलगा. ताई माझ्याच वयाच्या. चौकातल्या पोरांनी त्यांना माझ्याकडं धाडलं. जुन्या गावाचं काही विचारायला कुणी आलं की माझ्याकडंच धाडतात, कारण आता सांगणारे उरलेत किती?

ताई म्हणाल्या, "इथं नदीकाठी वकिलांचा बंगला होता. आम्ही लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत यायचो. तो नेमका कुठं होता, कुणी दाखवेल का?"

मी म्हटलं, "बसा. चहा घ्या. मग जाऊ."

त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. व्हरांड्यात नऊ माणसं, मधल्या खुर्चीत वकीलसाहेब, पायऱ्यांवर फ्रॉक घातलेल्या तीन पोरी. मागं आमच्या मारुतीचा कळस नि त्याच्याही मागं माळाची सोंड. दुसरा एक कागद होता, तो भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल. कुठल्या कुठल्या ऑफिसात खेटे घालून भावानं ती मिळवली होती. त्याबद्दल मी त्यांना मानतो. मला स्वतःला ती पन्नास वर्षांत बघायला मिळाली नव्हती.

बुडालेलं घर शोधायचं म्हणजे आधी नदी शोधावी लागते. आता जे पाणी दिसतं ती नदी नव्हे. धरण पार खाली गेलं की मधोमध जी वाकडी पट्टी उरते ती खरी जुनी भीमा. तिच्या अलीकडं घाट. घाटावरनं नाकासमोर चढलं की मारुती. मारुतीच्या खालच्या अंगाला भोयांची वस्ती. वस्ती ओलांडून नदीच्या कडेकडेनं तीनशे पावलं गेलं की जांभळीची दोन झाडं आणि त्याच्यापुढं बंगला. हे मला डोळे मिटून ठाऊक होतं, कारण ती तीनशे पावलं मी रोज दोनदा चाललोय. सकाळी दुधाची चरवी घेऊन आणि संध्याकाळी कंदिलाची काच पुसायला.

फोटोतला कळस आणि माळाची सोंड एका रेघेत येईपर्यंत मी त्या मंडळींना गाळातून चालवलं. भावाच्या मुलाचे बूट दोनदा रुतले. शेवटी जोतं सापडलं. काळ्या घडीव दगडाचं जोतं, तीन पायऱ्या, आणि गाळ खरवडल्यावर खाली शहाबादी फरशी. जांभळीचा एक बुंधा अजून उभा होता, काळा ठिक्कर.

ताई पायरीवर बसल्या आणि रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? माणूस आपल्या लहानपणाच्या जाग्यावर बसून रडतंय, ते बघून ज्याला काही वाटत नाही तो दगडच म्हणायचा.

थोड्या वेळानं डोळे पुसून ताई म्हणाल्या, "इथं एक राखणदार होता. त्याचा मुलगा आम्हाला झाडावर चढून जांभळं काढून द्यायचा. काळा, काटकुळा. त्याचं काय झालं असेल हो?"

मी म्हटलं, "ताई, तो मीच."

"अय्या! तो तू?" त्या म्हणाल्या. हात धरला, आनंदल्या, भाच्याला सांगितलं फोटो काढ म्हणून.

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट माझ्या कानाला लागली. सकाळपासनं मी "तुम्ही" होतो. ओळख पटल्याबरोबर "तू" झालो. लहानपणचा सवंगडी म्हणून "तू" म्हणाल्या असत्या तर मीही त्यांना "तू" म्हणायला पाहिजे होतं. माझ्या तोंडाला ते काही आलं नाही. मी "ताई"च म्हणत राहिलो. साठी ओलांडली, केस पिकले, आबा जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्या पायरीजवळ उभं राहिल्यावर मी राखणदाराचं पोरगंच.

जाताना त्यांनी विचारलं, "एक फरशी आठवण म्हणून नेली तर चालेल का?"

मी म्हटलं, "न्या की."

पोरानं फरशी गाडीत ठेवली. गाडी गेली. त्या दिवशी मी दुसरं काहीच बोललो नाही. दारात आलेल्या माणसाला चहा पाजून गोड बोलून वाटेला लावायचं, ही आमची रीत. पण जे तेव्हा बोललो नाही ते पोटात राहिलं आणि कुजायला लागलं. म्हणून इथं लिहितो. हे त्या एका ताईंना उद्देशून नाही. गेल्या काही वर्षांत नदीकाठचा बंगला, धरणाखालचा वाडा, आजोबांची बाग शोधत येणारी माणसं वाढलीत. हे त्या सगळ्यांना उद्देशून आहे, आणि थोडं माझ्या स्वतःलाही.

पहिली गोष्ट सुट्टीची.

तुम्ही म्हणता, "आमच्या सुट्ट्या इथं गेल्या." बरोबर आहे. पण सुट्टी ही काही झाडाला लागत नाही. कुणीतरी काम करतं तेव्हा दुसऱ्याची सुट्टी होते. तुम्ही रेल्वेनं यायचा, स्टेशनावर आमची बैलगाडी उभी असायची. बंगल्याचा हौद भरलेला असायचा, तो माझी आई घाटावरनं घागरी वाहून भरायची. वैशाखाच्या उन्हात घाटाच्या पायऱ्या तापलेल्या, डोक्यावर दोन घागरी नि पायात काही नाही. तुमची आंघोळ झाली की हौद पुन्हा अर्धा. तुम्ही म्हणता तेव्हाचं दूध किती घट्ट होतं. होतंच. आमच्या गाईचं होतं. ते सगळं बंगल्यावर जायचं आणि आम्ही घरी कोरा चहा प्यायचो. तुम्हाला वाळवंटातली टरबुजं आठवतात. ती वाळूत खड्डे घेऊन, शेणखत घालून, घागरीनं पाणी पाजून भोई लोक पिकवायचे. नदीनं ती आपोआप दिली नव्हती.

मी हे उपकार केले म्हणून सांगत नाही. पैसे मिळायचे, थोडे का होईना. आणि माणसंही वाईट नव्हती. ताईंच्या आजीनं मला पहिली पाटी दिली आणि अंक गिरवून घेतले. त्या पाटीवर शिकलो म्हणून आज हे लिहितोय, हे मी विसरलो तर माझ्यासारखा कृतघ्न नाही. पण पाटी दिली म्हणून घागर विसरायची का?

१९७२ च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात वकिलांची मंडळी आली नाहीत. पाण्याची टंचाई आहे, पोरांचे हाल होतील, असं पत्र आलं. आबांनी ते पत्र मास्तरांकडनं वाचून घेतलं. त्या उन्हाळ्यात गाव रोजगाराच्या कामावर खडी फोडत होतं. मिलोची भाकरी नि सुकडी खात होतं. आई खडी फोडायला जायची आणि आबा रिकाम्या बंगल्याची राखण करायचे. टंचाई बघून ज्याला न येण्याची सोय असते तो पाहुणा. ज्याला जाण्याची सोय नसते तो गावकरी. एवढाच दोघांत फरक, पण तो लहान नाही.

दुसरी गोष्ट त्या निवाड्याची.

तो कागद ताईंच्या भावानं मला चष्मा लावून वाचू दिला. बंगल्याची ओळ त्यांनी पिवळ्या पेनानं रंगवली होती. खोल्या किती, भिंत कसली, छप्पर कसलं, सागवानी दारं-खिडक्या किती, आवारातली झाडं किती, विहीर एक, कंपाउंड इतके फूट. वकिलांचंच घर ते. प्रत्येक गोष्ट मोजून, लिहून, हरकत घेऊन, वाढवून घेतलेली. त्यांनी तसं केलं त्यात गैर काय? हक्क होता, कायदा ठाऊक होता.

त्याच पानावर खाली चार ओळी सोडून आबांचं नाव होतं. माळवदी घर, खण दोन. बस. पुढं रक्कम. ती मी इथं लिहीत नाही. आजच्या पोरांना ती खोटी वाटेल. गोठा लिहिला नव्हता. दारातला लिंब लिहिला नव्हता. आबांना मोजणीच्या दिवशी कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी झाडाचे पैसे मागायचे असतात हे त्यांना सुचलं नसतं. त्या दिवशी ते बंगल्याची मोजणी करणाऱ्या साहेबांना पाणी देत उभे होते. हे मी ऐकीव सांगत नाही, मी तिथं होतो.

आणि भोयांच्या वस्तीची तर ओळच नाही. पंचवीसेक घरं होती. घरं गावठाणाबाहेर, कुडाची. वाळवंटात ते टरबुजं करायचे ती वाळू सरकारची. डोहात मासे धरायचे तो डोहही सरकारचा. नावावर काही नाही, म्हणून बुडालं काही नाही. कागदाचा हिशेब असा असतो. ज्याचं नाव कागदावर नाही तो माणूस बुडतच नाही.

ताईंच्या भावाला मी बोटानं आबांचं नाव दाखवलं. ते म्हणाले, "अरे वा, तुमचंही आहे की!" आणि कागद घडी करून ठेवला.

मला सांगा, एवढे खेटे घालून जो कागद मिळवला तो एकाच ओळीसाठी वाचायचा? पानावर शंभर-दीडशे नावं होती. तुमच्या बंगल्याची ती सगळी शेजारी. ज्यांच्या हातचं खाल्लं, ज्यांच्या गाडीतून आलात, ज्यांच्या आडाचं पाणी प्यालात, ती माणसं त्याच कागदावर ओळीनं उभी होती. ती बघायला वेगळं ऑफिस नको होतं. नुसती मान खाली करायची होती.

तिसरी गोष्ट, जी हमखास ऐकावी लागते. "आमचंही बुडालंच ना! सगळ्यांचंच गेलं."

नाही. सगळ्यांचं सारखं गेलं नाही. तुमचा बंगला बुडाला तेव्हा तुमचं घर पुण्यात उभं होतं. त्याच्या आधी तुम्ही ट्रक आणून दारं-खिडक्या, कौलं, खुर्च्या नेल्या. आम्हीही आमच्या तुळया नि खांब काढून बैलगाडीनं माळावर आणले, पण ते उभे करायला जागा मिळेपर्यंत दोन पावसाळे त्याच लाकडांच्या आडोशाला काढले. १९७६ साली मी दहावीची परीक्षा दिली. पुढं शिकायचं होतं. पण त्याच सुमाराला गाव हलायला लागलं, आणि घर बांधायला हात पाहिजे होते. १९८० ला धरण पुरं झालं तेव्हा मी माळावर दगड वेचत होतो. चुलत्याला जमीन मिळाली ती खाली पंढरपूरच्या बाजूला, लाभक्षेत्रात. त्या जमिनीची किंमत म्हणून मोबदल्यातलीच रक्कम परत कापून घेतली. तिथल्या गावात तो मरेपर्यंत "धरणग्रस्त" म्हणूनच ओळखला गेला, नावानं नाही. भोयांतले काही काठावर राहिले, काही कुठं गेले कुणालाच माहीत नाही. पुनर्वसनाच्या कायद्यात अठरा नागरी सुविधा सांगितल्यात. आमच्या गावठाणात त्यातल्या किती आल्या ते मोजायला मला दोन हातांची बोटं पुरतात, आणि त्यातली स्मशानभूमी पहिली आली.

सुट्टी बुडणं आणि घर बुडणं, दोन्हीचं दुःख असतं हे मला कबूल आहे. पण दोन्ही एका तराजूत घालू नका.

चौथी गोष्ट नदीची. परत येताना ताई म्हणाल्या, "तेव्हा पाणी काय स्वच्छ असायचं! तळ दिसायचा. आता किती हिरवं झालंय, वास मारतोय. तुम्ही लोकांनी काळजी घ्यायला हवी."

आम्ही लोकांनी! ताई, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते, हे शाळेच्या पुस्तकात आहे. पुण्या-पिंपरीच्या मोऱ्यांचं आणि कारखान्यांचं जे पाणी नीट न धुता नदीत सुटतं ते शेवटी आमच्या दारात येऊन थांबतं, कारण इथं भिंत आहे. तुमच्या लहानपणी तुम्ही इथं यायचा. आता तुम्ही येत नाही, तुमचं सांडपाणी येतं. माझ्या उसातलं युरियाचं पाणीही त्यात उतरतं, ते मी नाकारत नाही. पण बंगल्याच्या पायरीवर बसून नदीबद्दल आम्हाला उपदेश करायच्या आधी आपल्या मोरीचं पाणी कुठं जातं तेवढं विचारून या.

पाचवी गोष्ट मला तोंडावर ऐकवली जाते, म्हणून तीही घेतो. "धरण झालं म्हणून तर तुमचा ऊस आला. नाहीतर ज्वारीच खात बसला असता."

हे खरं आहे. वीसेक वर्षं माळावर हाल काढल्यावर आम्ही काठावरनं पाइपलाइन केली. कर्ज काढलं, फेडलं, पुन्हा काढलं. आज माझा ऊस उजनीच्या पाण्यावर उभा आहे. खालच्या सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी म्हणतो, तुम्ही वरचेवर पाणी उचलता. त्याचंही चूक नाही. मी धरणाच्या विरोधात लिहीत नाही. धरणानं किती कोरड्या रानात पाणी गेलं ते मला दिसतं. पण पिकलं म्हणून जे गेलं त्याचा हिशेब मिटत नाही. आणि एक ध्यानात घ्या, हा ऊस कुणी आम्हाला मोबदल्यात दिलेला नाही. आमच्याच बुडालेल्या जमिनी पाणी ओसरल्यावर गाळपेराला पाहिजे तर सरकारकडनं वर्षाच्या बोलीनं भाड्यानं घ्याव्या लागतात. ज्या रानात आजानं बैल फिरवले, त्या रानात हरभरा टाकायला पावती फाडावी लागते. असं जगात आणखी कुठं असेल तर मला सांगा.

१९२१ साली मुळशीच्या लोकांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. सेनापती बापट त्यात होते. तेव्हापासून आजपर्यंत या राज्यात किती धरणं झाली, किती गावं उठली. पण बुडालेल्या गावाच्या काठावर साधी पाटी नाही, की इथं अमुक गाव होतं, त्यात इतकी घरं होती. धरणाच्या भिंतीवर उद्घाटनाची कोनशिला असते. तिच्यावर पुढाऱ्याचं नाव असतं. बुडालेल्या गावांची नावं लिहायला मात्र दगड कमी पडतो.

आता माझी गोष्ट. दुसऱ्याला एवढं सुनावल्यावर आपलं झाकून ठेवणं बरं नाही.

२०११ साली धाकट्या मुलीच्या लग्नाला पैसे कमी पडले. काठाला लागून आमचा माळाचा एक तुकडा होता. खडकाळ, कुसळाशिवाय काही येत नव्हतं. पुण्याच्या एका गृहस्थांनी बरे पैसे देऊ केले. मी सही केली. आज तिथं बंगला उभा आहे. काचेच्या भिंती, हिरवळ, पाण्याकडं तोंड करून झोपाळा. हिवाळ्यात रोहित पक्षी आले की शनिवार-रविवारी तिथं गाड्या असतात. बोटीतून फोटो काढतात. जाहिरातीत त्याला बॅकवॉटर म्हणतात. माझा नातूही तेच म्हणतो. "आज्जा, बॅकवॉटरला जाऊन येतो." तो जिथं पोहायला जातो तिथं खाली त्याच्या खापरपणजोबाची समाधी आहे, हे मीच त्याला कधी सांगितलं नव्हतं.

त्या बंगल्याची राखण आमच्या भावकीतलं एक पोरगं करतं. बारावी झालेलं. शुक्रवारी त्याला फोन येतो. मग ते टाकी भरतं, हिरवळीला पाणी सोडतं, कोंबडीचं मटण आणून ठेवतं. त्याची चार वर्षांची पोरगी कुंपणापाशी उभी राहून आतल्या पोरांचं खेळणं बघते. परवा मी बघितलं, आतल्या एका मुलीनं तिला कुंपणावरनं चॉकलेट दिलं. पोरगी हरखली. मी तिथंच उभा राहिलो. मला आबा दिसले, पाटी दिसली, घागर दिसली. मला वाटत होतं, वकिलांचा बंगला बुडाला. तो बुडाला नाही. काठावर चढून वर आलाय आणि जागा मी दिलीय.

पन्नास वर्षांनी हा बंगला शोधत कुणी येईल. धरण गाळानं भरलेलं असेल, नाहीतर आणखी काही झालेलं असेल. ती आतली मुलगी म्हातारी होऊन येईल आणि विचारेल, इथं आमचा बंगला होता, तो कुठं होता? तिला कुणीतरी जागा दाखवेल. पण इथं कुंपणाबाहेर कोण राहत होतं, हे ती विचारेल का? तिला विचारायला आज कुणी शिकवतंय का?

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. येऊ नका असं मी म्हणत नाही. या. फोटो घेऊन या, कागद घेऊन या, रडायचं तर रडा, गाळातून चालवायला मी आहे. पण बंगल्याचा पत्ता गावाशिवाय सांगता येत नाही. घाट, मारुती, भोयांची वस्ती, जांभळी, मग बंगला. मधलं सगळं पुसून एकट्या बंगल्यावर बोट ठेवायला गेलात तर सापडेल फक्त जोतं. आधी विचारा गाव कुठं होतं. राखणदाराचं नाव काय होतं, पाणी कोण भरत होतं, टरबुजं कुणाची होती, ती माणसं कुठं गेली. आणि उत्तर ऐकायला निवांत बसा. घाईनं फरशी उचलून निघू नका.

गाडी गेल्यावर आठ दिवसांनी मी तालुक्याच्या गावाहून दोनशे पानी वही आणली. जुन्या गावाची घरं ओळीनं लिहायला घेतली. वेशीपासून सुरुवात केली. घरमालक, बाया-पोरांसकट माणसं, जनावरं, दारातलं झाड, आणि ते घर आज कुठं आहे. मला आठवत नाही ते म्हाताऱ्यांना विचारतो. आजवर एकशे बारा घरं झाली. भोयांच्या वस्तीतली अठरा घरं लागली, सात अजून सापडायची आहेत. त्यातल्या एका घरची माणसं खाली धरणाच्या भिंतीकडच्या कुठल्याशा गावी आहेत असं कळलंय. दिवाळीनंतर जाणार आहे.

वकिलांचा बंगलाही वहीत आहे. वगळला नाही. मारुतीच्या खाली, भोयांची वस्ती ओलांडून, जांभळीच्या पुढं. तिथं जशी त्याची जागा होती तशी ओळीत त्याचा नंबर आल्यावर लिहिलाय. खोल्या किती ते निवाड्यात आहे, म्हणून मी लिहिलं नाही. पुढं एवढं लिहिलंय की इथं माझी आई पाणी भरायची. तिचं नावही लिहिलंय. कागदावर ते पहिल्यांदाच आलं.